देवराईपासून नगरवनापर्यंत



आषाढ जवळ आला की महाराष्ट्रातील नगरांना वृक्षारोपणाचे वेध लागतात. शाळा, गृहनिर्माण संस्था, बँका, सार्वजनिक मंडळे सारेच कुदळ-फावडी घेऊन बाहेर पडतात. हा उपक्रम नवा नाही. तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सवाची प्रथा देशभर रूढ केली, त्याला आता पंचाहत्तर वर्षे उलटून गेली आहेत. महाराष्ट्र शासनानेही २०१६ पासून २०१९ पर्यंत वृक्षलागवडीची मोठी मोहीम हाती घेतली. पहिल्या वर्षी दोन कोटी, नंतर चार, मग तेरा आणि शेवटी तेहतीस कोटी रोपांचे उद्दिष्ट त्या मोहिमेने समाजासमोर ठेवले. त्यातून एक वातावरण निर्माण झाले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. गेल्या वर्षी लावलेल्या रोपांचे काय झाले? अनेक नगरांत यंदाचे खड्डे गेल्या वर्षीच्याच जागी घेतले जातात, कारण गेल्या वर्षीची रोपे वैशाखापर्यंत टिकलेली नसतात. रोप लावण्याला एक सकाळ पुरते. ते जगवण्याला तीन उन्हाळे लागतात. सकाळचा समारंभ करणारा समाज मोठा आहे, तीन उन्हाळे सांभाळणारा समाज उभा करावयाचा आहे. नगरांमध्ये देशी वृक्षांची छोटी छोटी वने उभारण्याचा जो विचार अलीकडे मूळ धरू लागला आहे, त्याचे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे.

जपानमधील एक शोध

या विचारामागे प्रामुख्याने जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांचे कार्य आहे. १९२८ मध्ये जन्मलेले मियावाकी १९५८ च्या सुमारास जर्मनीला गेले आणि राइनहोल्ड ट्युक्सेन या वनस्पतितज्ज्ञांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. ट्युक्सेन यांनी एक मूलगामी प्रश्न मांडला होता. एखाद्या भूमीवरून माणसाचा हस्तक्षेप उद्या संपूर्णपणे थांबला, तर तेथील माती आणि हवामान यांच्या बळावर कोणती वनस्पतिसृष्टी उभी राहील? त्या भूमीचा वनस्पतिरूपी स्वभाव कोणता?

हा प्रश्न घेऊन मियावाकी मायदेशी परतले आणि जपानची वने नव्या दृष्टीने पाहू लागले. त्यांच्या ध्यानात आले, की जपानी माणूस ज्यांना आपली वने समजतो, ती देवदार-सरूसारख्या सूचिपर्णी वृक्षांची वने बहुतांशी माणसानेच लाकडासाठी लावलेली आहेत. मूळची सदाहरित, रुंद पानांची वने फारच थोड्या ठिकाणी शिल्लक आहेत. ती कोठे सापडली? शिंतो मंदिरांभोवती. जपानमध्ये अशा वनाला ‘चिन्जू-नो-मोरी’ म्हणतात. ग्रामाचे रक्षण करणाऱ्या देवतेचे वन, असा त्याचा साधारण अर्थ. देवाच्या भयाने आणि भक्तीने लोकांनी शेकडो वर्षे तेथे कुऱ्हाड चालवली नव्हती, म्हणून त्या भूमीची मूळ वनस्पती तेथे तगून राहिली होती. मियावाकींनी त्या वनांची सूक्ष्म नोंद केली, त्यांतील वृक्षांची बीजे गोळा केली, आणि १९७० च्या दशकापासून पोलाद कारखान्यांच्या ओसाड परिसरात, विद्यापीठांच्या आवारांत, रस्त्यांच्या कडांना तशी वने लावण्यास प्रारंभ केला. पुढे मलेशिया, चीन आदी देशांतही त्यांनी हे काम केले. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या किनाऱ्यावर देशी वृक्षांची संरक्षक भिंत उभारण्याची कल्पना त्यांनी मांडली. २००६ मध्ये त्यांना ‘ब्लू प्लॅनेट’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतात ही पद्धत प्रसृत होण्याचे पुष्कळसे श्रेय शुभेंदु शर्मा या अभियंत्याला जाते. बंगळूरुजवळील मोटार कारखान्यात नोकरीस असताना मियावाकींनी त्या कारखान्याच्या आवारात केलेली लागवड त्यांनी पाहिली, आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी याच कामाला वाहून घेतले. मुंबई महानगरपालिकेने २०२० मध्ये या पद्धतीने नागरी वने लावण्यास आरंभ केला. वडाळ्याचे भक्ती पार्क येथील वन हे त्यांपैकी आरंभीचे. भुजच्या भुजिया डोंगरावर, २००१ च्या भूकंपात प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ जे ‘स्मृतिवन’ उभे राहिले आणि २०२२ मध्ये ज्याचे उद्घाटन झाले, तेथेही मियावाकी वन आहे. कच्छच्या रुक्ष भूमीत हे वन लावताना डोंगरावर पाणी अडवणारे बंधारेही बांधण्यात आले, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. जून २०२३ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या पद्धतीचा उल्लेख केल्यानंतर ‘मियावाकी’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

आपल्या घरची परंपरा

जपानच्या या शोधाची कथा ऐकताना मराठी माणसाला देवराईचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणात आणि मावळात, गोमंतकातही, गावोगावी ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले वन असे. कोठे त्याला राई म्हणत, कोठे राहाटी, कोठे नुसतेच देवाचे रान. नियम साधे आणि कडक होते. देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही. पडलेले लाकूडही देवाच्या कामावाचून उचलायचे नाही. कित्येक गावी तर वाळका पालाही बाहेर नेत नसत. हे नियम लेखी नव्हते. त्यांचा पहारेकरी गावाची श्रद्धा हाच होता.

पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवराया पायी हिंडून अभ्यासल्या आणि शास्त्रीय जगतापुढे मांडल्या. भोवतालचे डोंगर उघडेबोडके झालेले असताना देवराईत प्रचंड खोडांचे बेहडे आणि आंबे, मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली, बारमाही झरे टिकून असल्याचे त्यांना दिसले. ज्या श्रद्धेला सुशिक्षित वर्ग अडाणीपणा समजत होता, तिने वनस्पतिशास्त्राचे जिवंत भांडार राखून ठेवले होते. मियावाकींनी जे मंदिराभोवती शोधले, तेच या दोघा अभ्यासकांना सह्याद्रीत सापडले.

मात्र येथे एक भेद स्पष्ट करावा लागेल. देवराई ही लावलेली नसते, राखलेली असते. शेकडो वर्षांत माती, बुरशी, कीटक, पक्षी, वृक्ष यांचे जे नाते तेथे विणले गेलेले असते, ते दोन-तीन वर्षांच्या लागवडीत निर्माण होत नाही. म्हणून नगरात लावलेल्या वनाला देवराई म्हणणे ही प्रेमाची भाषा झाली, वस्तुस्थिती नव्हे. जेथे खरी देवराई अजून उभी आहे, तेथे मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने तिच्यात फरशा बसवणे, सभामंडपासाठी झाडे पाडणे आणि मग शेजारी चार रोपे लावणे, हा उलटा व्यवहार आहे. कळस सोन्याचा झाला आणि देवाचे रान गेले, तर देवतेचे वैभव वाढले असे म्हणता येत नाही. नवे वन लावण्याआधी जुने राखणे, हा या विषयातील पहिला धर्म होय.

देशी वृक्षच का?

नगरांतील रस्त्यांवर आणि उद्यानांत जे वृक्ष आज सर्रास दिसतात, त्यांची जन्मकुंडली पाहण्यासारखी आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष, गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही मंडळी अमेरिका खंडातून आलेली. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांचे मूळ ऑस्ट्रेलियाकडचे. झटपट हिरवळ हवी, गुरांनी खाऊ नये, पाण्यावाचून वाढावे अशा हेतूंनी शासकीय आणि खासगी लागवडीत यांचा भरणा झाला. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची जी दाट गर्दी दिसते, ती अशाच लागवडीची देणगी आहे.

परदेशातून आले म्हणून झाड वाईट, असा येथे आशय नाही. मिरची आणि बटाटा हेही परदेशातूनच आले आणि आपल्या स्वयंपाकघरात सुखाने नांदले. प्रश्न नात्यांचा आहे. महाराष्ट्राचे राज्यफुलपाखरू नीलवंत आहे. २०१५ मध्ये त्याला हा मान मिळाला, आणि असे राज्यफुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. या नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातील झाडांच्या पानांवर वाढते. माकडलिंबूसारखे झुडूप नसेल तेथे नीलवंत नुसत्या घोषणेने येणार नाही. राज्यपक्षी हरियाल वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर पोसतो. राज्यफूल तामण आहे आणि ते फुलते तेव्हा गुलमोहराची उणीव भासत नाही. परंतु किती नगरांनी आपल्या रस्त्यांवर तामण लावला आहे? जो वृक्ष या भूमीत हजारो वर्षे आहे, त्याची पाने खाणारी अळी, ती अळी खाणारा पक्षी, त्या पक्ष्याकडून होणारा बीजप्रसार अशी साखळी येथे तयार असते. परक्या वृक्षाभोवती ती साखळी क्वचितच जुळते. त्याची सावली मिळते, कुटुंब मिळत नाही.

एका गुंठ्याचे वन

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आपल्याकडे जमिनीचे माप गुंठ्यात सांगतात. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा, सुमारे शंभर चौरस मीटर. मियावाकी पद्धतीत एका चौरस मीटरला साधारण तीन रोपे लावतात. म्हणजे एका गुंठ्यात तीनशे रोपे मावतात. शाळेच्या मैदानाचा कोपरा, मंदिराच्या मागील मोकळी जागा, गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील पडीक पट्टा, कारखान्याच्या कुंपणालगतची भूमी यांपैकी कोठेही एक गुंठा निघू शकतो.

कामाचा आरंभ खड्ड्याने होत नाही, शोधाने होतो. आपल्या गावाच्या पंचवीस-तीस किलोमीटर परिसरात जुनी देवराई, राखीव वन किंवा न तोडलेला डोंगरउतार कोठे आहे, तेथे कोणती झाडे निसर्गतः वाढतात, याची यादी प्रथम करावी लागते. या यादीसाठी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हवेत, तसेच रानात हिंडणारे गुराखी आणि वैदूही हवेत. कोकणातील यादी वेगळी होईल. तेथे उंडी, सुरंगी, बकुळ, नागकेशर, रातांबा, जांभूळ, किंजळ, सीताअशोक यांना स्थान मिळेल. पुणे, सातारा यांसारख्या देशावरील भागात धावडा, ऐन, बेहडा, मोह, करंज, किन्हई हे उंच वृक्ष येतील. त्यांच्या खालच्या थरात बहावा, आपटा, पळस, आवळा, बेल, भोकर येतील आणि त्याखाली कुडा, निरगुडी, अडुळसा, धायटी, मुरुडशेंग, करवंद अशी झुडपे. एकच यादी छापून साऱ्या महाराष्ट्रात वाटणे, हे या पद्धतीच्या मुळावरच घाव घालण्यासारखे आहे.

वनाचे थर लक्षात घेणे येथे महत्त्वाचे. रानात सारी झाडे एका उंचीची नसतात. वर छत्र धरणारे वृक्ष, त्यांखाली मध्यम उंचीची झाडे, मग लहान झाडे आणि तळाशी झुडपे, अशी ती एकत्र कुटुंबासारखी रचना असते. ज्याला जेवढा प्रकाश हवा, तेवढा त्याला मिळतो. म्हणून या पद्धतीत रोपे ओळीने लावत नाहीत आणि एकाच जातीची दोन रोपे शेजारी ठेवत नाहीत. वड-पिंपळासारखे विस्तारणारे वृक्ष मात्र इमारतीच्या किंवा जलवाहिनीच्या लगत लावू नयेत. त्यांना त्यांची ऐसपैस जागा स्वतंत्रपणे द्यावी.

त्यानंतर माती. नगरांतील भूमी बहुधा बांधकामाचा राडारोडा आणि घट्ट दाबलेला मुरूम यांची असते. तेथे नुसता दीड फुटाचा खड्डा घेऊन लावलेल्या रोपाची मुळे कुंडीत कोंडल्यासारखी राहतात. म्हणून संपूर्ण जागा सुमारे तीन फुटांपर्यंत खणून मोकळी करतात आणि तिच्यात तीन प्रकारची द्रव्ये मिसळतात. शेणखत किंवा गांडूळखत हे पोषणासाठी. नारळाच्या काथ्याचा भुसा ओल धरून ठेवण्यासाठी. भाताचे तूस माती भुसभुशीत राहावी आणि मुळांना हवा मिळावी यासाठी. देवालयांतील निर्माल्याचे खत हेही येथे उत्तम कामी येते. देवाला वाहिलेले फूल नदीच्या प्रवाहात कुजण्यापेक्षा रानाच्या मुळाशी जावे, यात भक्तीला काही उणेपण येत नाही.

लागवड मृगानंतर, भूमी नीट भिजल्यावर करावी. रोप दोन फुटांचे असले तरी चालते, पण त्याची मुळे सशक्त हवीत. प्रत्येक रोपाला बांबूची काठी आणि सुतळीचा सैल बंध द्यावा. सर्व भूमी भाताच्या पेंढ्याने किंवा पालापाचोळ्याने चार-पाच बोटे जाडीची झाकून टाकावी. या आच्छादनाने ओल टिकते, तण कमी उगवते आणि ते कुजून पुढे खत होते. पावसाळा संपला की खरी परीक्षा सुरू होते. पहिले दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी, तणाची खुरपणी आणि पडलेल्या रोपांना आधार, ही तीन कामे अखंड चालू ठेवावी लागतात. छाटणी करायची नाही, पाला झाडून जाळायचा नाही, रासायनिक औषधे फवारायची नाहीत. झाडांची छत्री एकमेकांना भिडली, भूमीवर दाट सावली पडली की तण आपोआप मागे हटते आणि वन आपल्या पायांवर उभे राहू लागते.

तीनशेपैकी सारी रोपे वृक्ष होणार नाहीत, हेही आधीच जाणून घ्यावे. दाटीत प्रकाशासाठी स्पर्धा होते, काही रोपे पुढे जातात, काही मागे पडून मरतात. रानातही असेच घडते. पाच-सात वर्षांनी झाडांची संख्या घटलेली दिसली, तर ते अपयश नव्हे. परंतु त्या वर्षीही फलकावर ‘तीनशे वृक्षांचे वन’ असेच लिहिलेले ठेवणे, हे मात्र असत्य होईल.

उत्साहाला विवेकाची जोड

कोणतीही चांगली गोष्ट लोकप्रिय झाली की तिचे सवंग रूपही बाजारात येते. मियावाकी वनाच्या बाबतीत ही भीती खरी ठरू लागली आहे, म्हणून तीन गोष्टी परखडपणे सांगणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट आकड्यांची. एका गुंठ्यात तीनशे रोपे मावतात, म्हणून हजारांचे उद्दिष्ट पुरे करण्याचा हा स्वस्त मार्ग वाटू लागतो. एखाद्या रस्त्यासाठी दोनशे जुने वृक्ष तोडावे लागले, तर एका कोपऱ्यात गुंठाभर दाटी करून हिशेब चुकता झाला असे कागदावर दाखवता येते. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आले. कायद्याने वयाचा मान राखला आहे. समाजानेही तो राखावा. शंभर वर्षांच्या वडाच्या ढोलीत राहणारे घुबड, त्याच्या पारावर बसणारे वृद्ध, त्याच्या फळांवर येणारे पक्षी यांची भरपाई बोटभर खोडांच्या दाटीने होत नाही. विकास हवा आणि काही वेळा झाड काढावेही लागते, परंतु नवे वन हा जुने वृक्ष तोडण्याचा परवाना होता कामा नये.

दुसरी गोष्ट स्थानाची. प्रत्येक मोकळी जागा ही वनाची वाट पाहत असलेली ओसाडी नसते. देशावरील माळराने, सड्यांवरील कातळ, गावालगतच्या पाणथळी या स्वतःच समृद्ध सृष्टी आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ माळढोकाचे घर म्हणून प्रसिद्ध झाला, तो वृक्षांमुळे नव्हे, गवतामुळे. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल यांना मोकळे गवत हवे असते. ज्ञानोबांच्या काळापासूनच्या जुन्या मराठी साहित्यातील वनस्पतींचे उल्लेख तपासून अभ्यासकांनी २०२५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या पट्ट्यात शेकडो वर्षांपूर्वीही गवत आणि विरळ काटेरी झाडे यांचीच सृष्टी होती, असे त्यातून दिसते. म्हणजे हे माळ उजाड झालेली जंगले नव्हेत, ते त्या भूमीचे मूळ रूप आहे. ट्युक्सेन आणि मियावाकी यांचा मूळ प्रश्न येथे पुन्हा विचारला पाहिजे. या भूमीचा स्वभाव काय? जेथे उत्तर ‘गवत’ असे येते, तेथे दाट झाडी लावणे हा त्या भूमीवर केलेला अन्याय ठरतो. राडारोड्याने भरलेले भूखंड, बंद पडलेल्या कचराभूमी, रस्त्यांचे दुभाजकालगतचे रुंद पट्टे, शाळा-कारखान्यांची आवारे ही या पद्धतीची योग्य क्षेत्रे होत.

तिसरी गोष्ट अतिरंजित दाव्यांची. दहापट वेगाने वाढ, तीसपट दाटी अशी वाक्ये जाहिरातींतून ऐकू येतात. आपल्याकडील हवामान जपानसारखे नाही. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड, त्यातही कोकण आणि मराठवाडा यांत जमीन-अस्मानाचे अंतर. त्यामुळे कोणताही दावा येथील नोंदींवरच पारखून घ्यावा. शिवाय या पद्धतीत खोदाई, खत आणि रोपे यांवर आरंभी बराच खर्च येतो. जेथे मोठी जागा आहे आणि मूळ माती चांगली आहे, तेथे कुंपण घालून चराई आणि वणवा थांबवला, पाणी अडवले आणि मोजकी देशी झाडे लावली, तर निसर्ग पुढील काम स्वतःच करतो. पुण्याचे वारजे येथील नागरी वन याचे उदाहरण आहे. सुमारे १७ हेक्टरची उजाड टेकडी वनविभाग आणि नागरिक यांच्या सहकार्याने हिरवी झाली. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ‘नगरवन’ योजना जाहीर केली, तेव्हा देशापुढे आदर्श म्हणून याच वारजेच्या वनाचे चित्रण ठेवण्यात आले. मियावाकी पद्धत हा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे.

राखण कोण करणार?

एवढा विचार झाल्यावर मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. राखण कोण करणार? देवराई शेकडो वर्षे टिकली, कारण ती गावातील प्रत्येकाची होती आणि कोणा एकाची नव्हती. नगरात माणूस भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात, एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात सतत स्थलांतर करीत असतो. झाडाशी त्याचे नाते जुळण्यास वेळच मिळत नाही. महापालिका लागवड करू शकते, ठेकेदार पाणी घालू शकतो, परंतु ठेका संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात वनाकडे कोणी पाहावे, हे ठेक्यात लिहिलेले नसते.

म्हणून नगरवनाची खरी बांधणी माणसांची आहे. ज्या वस्तीत वन लावायचे, त्या वस्तीतील दहा कुटुंबे आधी निश्चित व्हावीत. आठवड्यातील प्रत्येक वाराचे पाणी कोणाकडे, हे नावानिशी ठरावे. सुट्टीत गावी जाणाऱ्याने आपला वार दुसऱ्याकडे सोपवून जावे. शाळेतील मुलांकडे एक नोंदवही असावी. कोणत्या रोपाला पहिली पालवी कधी आली, बहावा कोणत्या वर्षी प्रथम फुलला, कोणते पक्षी आले, किती रोपे गेली, हे सारे त्यांनी लिहावे. अशी दहा वर्षांची नोंद ही कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची ठरेल, कारण तिच्यातून त्या नगराला स्वतःच्या भूमीचे ज्ञान मिळेल. आजोबांनी नातवाला झाडाचे नाव सांगावे आणि नातवाने ते वहीत लिहावे, इतके जरी घडले तरी तुटलेला एक धागा पुन्हा जोडला जाईल. धावडा, मेढशिंगी, किन्हई ही नावे आज मराठी मध्यमवर्गीय घरांतून जवळजवळ लोपली आहेत. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याचे रक्षण कोणी करीत नाही.

देवस्थानांचे विश्वस्त या कामी पुढाकार घेऊ शकतात. त्यांच्याकडे जागा आहे, निर्माल्य आहे, आणि लोकांची श्रद्धा आहे. ‘येथील पानही तोडू नये’ हा नियम फलकापेक्षा देवाच्या नावाने अधिक पाळला जातो, हा सह्याद्रीतील अनुभव आहे. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडून आणणाऱ्या समाजाने त्याच दिवशी आपट्याचे एक रोप सांभाळण्याचा संकल्प केला, तर सीमोल्लंघनाला नवा अर्थ प्राप्त होईल.

येत्या पावसाळ्यासाठी तीन कामे आत्ताच हाती घेता येतील. आपल्या वस्तीत राडारोड्याखाली दबलेला एक गुंठा शोधावा आणि जागेची लेखी अनुमती मिळवावी. जवळच्या देवराईत किंवा रानात जाणकारासह जाऊन देशी झाडांची यादी करावी आणि ती रोपे कोणत्या रोपवाटिकेत मिळतील, याची चौकशी करावी. आणि पुढील तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची वारवारी कागदावर लिहून काढावी. हा तिसरा कागद पुरा होत नसेल, तर त्या वर्षी रोपे आणू नयेत. तो पुरा झाला, की मग कुदळ उचलावी.